निगेटिव्ह रिपोर्ट आणि इम्युनोथेरपी

‘पीडी-एल१ निगेटिव्ह आला की इम्युनोथेरपीचा विषय संपला,’ हे मागील अंकातल्या पत्रातले विधान पटले नाही. कर्कपेशी पीडी-एल१ हे प्रथिन पृष्ठभागावर बाळगतात. ते रोगप्रतिकारक टी-पेशींवरच्या पीडी-१शी जुळले की त्या थंडावतात. पण एकाच गाठीत ते कुठे दाट, कुठे विरळ असते. सुईने काढलेला तुकडा साऱ्या गाठीची साक्ष कशी देणार?

त्या पत्रातला औषधाच्या किमतीचा मुद्दा मात्र रास्त. तंबाखू-सुपारीचा खर्रा घरोघरी पोचलेल्या आमच्या भागाने त्यासाठी टाटा मेमोरिअलची २०२३ साली प्रसिद्ध झालेली चाचणी पाहावी. डोके-मानेच्या प्रगत कर्करोगात तोंडावाटे द्यायच्या औषधांना निवोलुमॅब या पीडी-१ रोखणाऱ्या इम्युनोथेरपी औषधाच्या अवघ्या २० मिलिग्रॅमची, दर तीन आठवड्यांनी, जोड दिली. वर्षभर जगणारे सुमारे १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले.

— एक वाचक, कळमेश्वर (जि. नागपूर)