धनुष्य कोणाच्या हाती?
सामुराई म्हटले की तलवार आठवते. पण सुरुवातीची काही शतके त्याची खरी ओळख घोडा आणि धनुष्य हीच होती. दोन मीटरांहून लांब धनुष्य मधोमध न धरता बरेच खाली धरायचे, म्हणजे घोड्यावर ते अडत नसे. युरोपातल्या नाइटच्या लेखी मात्र धनुष्य हे पायदळातल्या सामान्यांचे हत्यार. १३४६ मध्ये क्रेसीच्या लढाईत अशाच सामान्यांच्या बाणांनी फ्रेंच सरदारांच्या घोडदळाची दाणादाण उडवली.

पोटापाण्याची भिस्त मात्र सामुराई आणि नाइट दोघांचीही जमिनीवर. पुढे जपानमधल्या तोकुगावा राजवटीत बहुतेक सामुराई किल्ल्याभोवतीच्या शहरांत राहू लागले आणि त्यांचे वेतन तांदळाच्या मापात, ‘कोकू’त ठरू लागले. एक कोकू म्हणजे सुमारे १५० किलो, एका माणसाची वर्षाची बेगमी. लढवय्याचा बघता बघता कारकून झाला. १८७६ च्या हुकमाने कमरेची तलवारही गेली.