नोंदी कुणाच्या आठवणीवर सोडू नका

जून 2023 मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यातल्या सुरक्षा कर्मचाऱ्यांना आपल्या ईमेल खात्यांमध्ये कुणीतरी परकं शिरल्याचा संशय आला. घुसखोरांनी मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमध्ये शिरून 22 संस्थांमधल्या 500हून अधिक लोकांच्या खात्यांपर्यंत मजल मारली होती. तत्कालीन वाणिज्यमंत्री जिना रायमोंडो यांचं खातंही त्यांत होतं. हे उघडकीला आलं, कारण कोणत्या खात्यातली पत्रं केव्हा आणि कशी उघडली गेली याचे सविस्तर लॉग परराष्ट्र खात्याने जादा पैसे मोजून घेतले होते आणि त्यांवर स्वतःचा इशारा लावून ठेवला होता. ज्यांच्याकडे या नोंदी नव्हत्या, त्यांना हा प्रकार स्वतःहून कळण्याचा मार्गच नव्हता. पुढे टीका झाल्यावर मायक्रोसॉफ्टने त्यातल्या बऱ्याच नोंदी सर्व ग्राहकांना जादा पैसे न घेता खुल्या केल्या.

आपल्याकडे नोंदी ठेवणं ही आता कायद्याचीही बाब आहे. केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ या सायबर सुरक्षा संस्थेने 28 एप्रिल 2022 रोजी काढलेल्या निर्देशांनुसार संस्थांनी आपल्या सर्व यंत्रणांचे लॉग सुरू ठेवून 180 दिवस जपायचे आहेत आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवायची आहे. निर्देश स्पष्ट आहेत. प्रश्न आहे तो ते रोजच्या कामात उतरवण्याचा. समजा, एका सहकारी बँकेच्या 80 शाखा आहेत आणि प्रत्येक शाखेत फायरवॉल, स्विच, वायफाय आहे. हल्ली ही सगळी उपकरणं क्लाउडवरून चालवता येतात. पुण्याच्या मुख्य कार्यालयात बसलेला माणूस ब्राउझरमधून चंदगडच्या शाखेचा वायफाय बदलू शकतो. सोय मोठी आहे, पण तिच्याच पोटात एक धोका आहे.

अशी क्लाउडवरून चालणारी उपकरणं देणाऱ्या सिस्को मेराकीचं उदाहरण घेऊ. तिथे प्रत्येक नेटवर्कच्या सेटिंगमध्ये एक जागा असते. लॉग कोणत्या सर्व्हरकडे पाठवायचे त्याचा पत्ता, पोर्ट (बहुधा 514) आणि कोणत्या प्रकारच्या नोंदी हव्यात, हे तिथे भरायचं. हाताने करायचं तर 80 शाखांसाठी 80 वेळा. एखाद्या शाखेत ही जागा रिकामी राहिली तरी काहीच अडत नाही. इंटरनेट चालतं, पासबुक छापलं जातं, कुणाची तक्रार येत नाही. आणि 81वी शाखा घाईघाईत सुरू होते, तेव्हा नेमकी हीच जागा भरायची राहते. वर, ही नोंद ज्या सिसलॉग पद्धतीने जाते ती 1980च्या दशकात एरिक ऑलमन यांनी बर्कले इथे सेंडमेल या ईमेल प्रोग्रामसाठी बनवली. आजही ती बऱ्याच ठिकाणी साध्या पोस्टकार्डासारखी चालते. कार्ड पेटीत टाकलं की संपलं, पोचपावती नाही. सर्व्हरचा पत्ता बदलला किंवा मधल्या फायरवॉलने नोंदी अडवल्या, तर पाठवणाऱ्या उपकरणाला त्याची गंधवार्ताही नसते.

म्हणून हे काम माणसाच्या आठवणीवर न सोडता प्रोग्रामकडे द्यायला हवं, असं माझं ठाम मत आहे. अशी उपकरणं देणाऱ्या कंपन्या आपल्या डॅशबोर्डला एपीआय, म्हणजे प्रोग्रामला आत शिरून काम करता येईल असं दार, देतात. छोटा प्रोग्राम रोज रात्री सगळ्या नेटवर्कची यादी मागवतो, प्रत्येकाची लॉगची सेटिंग ठरलेल्या नमुन्याशी ताडून पाहतो आणि फरक दिसला तर दुरुस्त करतो. नवी शाखा त्याच रात्री त्याच्या नजरेत येते.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप असा, की माणसाची चूक एका शाखेत होते, प्रोग्रामची चूक एका मिनिटात 80 शाखांत होते. हा आक्षेप खरा आहे. मेराकीच्या एपीआयमध्ये लॉग सर्व्हरची नवी यादी पाठवली, की जुनी संपूर्ण पुसली जाते. तिथे दुसरा एखादा सर्व्हर आधीच नोंदलेला असेल तर तोही जातो, आणि एरर दिसत नाही. पण यावर उपाय आहेत आणि ते अवघड नाहीत. आधी जुनी यादी वाचायची, तिच्यात भर घालायची, मगच लिहायचं. काय बदलणार ते प्रत्यक्ष न बदलता आधी छापून पाहायचं, एका शाखेवर चालवायचं, जुनी स्थिती फाइलमध्ये राखायची. हाताने केलेल्या 80 बदलांचा असा माग सहसा कुणी ठेवत नाही.

दुसरा आक्षेप असा, की क्लाउड कंपनी नोंदी ठेवतेच, मग आपला सर्व्हर कशाला? कंपनी त्या ठेवते स्वतःच्या मुदतीने आणि स्वतःच्या सोयीच्या रूपात. शिवाय सप्टेंबर 2024 मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच एका अंतर्गत प्रोग्राममधल्या दोषामुळे सुमारे अडीच आठवडे काही सेवांचे लॉग अपुरे गोळा झाले. ही घटना माझ्या म्हणण्याच्याही विरोधात वापरता येईल, कारण तिथे बिघडलं ते यंत्रच. म्हणूनच नुसती सेटिंग भरणारं ऑटोमेशन अर्धवट आहे. लॉग सर्व्हरकडे गेल्या 24 तासांत कोणत्या शाखेकडून एकही नोंद आली नाही, हे पाहणारी दुसरी, स्वतंत्र तपासणी हवी.

खासगीपणाची काळजी मला याहून मोलाची वाटते. लॉगच्या याच सेटिंगमध्ये कर्मचारी कोणती संकेतस्थळं उघडतात त्याच्या नोंदीही मागवता येतात. हाताने भरताना एका शाखेत हा पर्याय चालू, दुसरीत बंद, असं होतं आणि त्याचा निर्णय कुणी घेतला हे कुणालाच सांगता येत नाही. नमुना एकच आणि लेखी असेल, तर तो कर्मचारी संघटनेपुढे ठेवता येतो, त्यावर वाद घालता येतो. नोंदी साठवण्याच्या जागेचा खर्चही अशाच निवडीने आटोक्यात राहतो.

सहकारी बँका आणि पतसंस्थांच्या आयटी लेखापरीक्षणात आज लॉगचं धोरण आहे का, हे विचारलं जातं आणि धोरणाची प्रत दाखवली की उत्तर मिळाल्यासारखं होतं. लेखापरीक्षकाने दोन याद्या मागाव्यात: चालू नेटवर्कची आणि काल ज्यांच्याकडून नोंदी आल्या त्यांची. पहिल्या यादीतलं जे नाव दुसरीत नाही, त्याचं लेखी कारण मागावं.