आखूड तलवार

परवा गावाकडून दादाचा फोन आला. (दादा म्हणजे थोरला चुलतभाऊ. हा ब्लॉग नेमाने वाचतो, तेव्हा जरा जपूनच लिहितोय.) खंडेनवमी तोंडावर आली, तर यंदा घरातली तलवार सोलापूरला नेऊन "नीट करून आणतो" म्हणाला. नीट म्हणजे काय, तर ग्राइंडर मारून चकचकीत करायची आणि वेल्डिंगने सहा-सात इंच पातं जोडायचं. "पूजेत मांडली की कोयत्यासारखी दिसते रे," हे त्याचं दुखणं.

दिसते, खोटं कशाला बोलू. तुळजापूरला नवरात्रात देवीची भवानी तलवार अलंकार महापूजा बांधतात, ती पाहून आमच्या नळदुर्गजवळच्या घरी यावं आणि देव्हाऱ्यापुढे ही ठेंगणी दिसावी, म्हणजे हिरमोड होणारच. पण माझा विरोध आहे, आणि फोनवर नीट सांगता आला नाही म्हणून इथे.

आधी जपानचं. तिथे तेराव्या-चौदाव्या शतकातल्या लांब तलवारी पुढे सोळाव्या शतकात सर्रास आखूड केल्या गेल्या. कापायच्या त्या टोकाकडून नव्हे, मुठीकडून. टोकाशी धारेचं पाणी वळण घेऊन मागे फिरतं, ते एकदा गेलं की गेलं. त्यामुळे मुठीत जाणारा भाग कापायचा आणि पात्याचा खालचा तुकडा नव्या मुठीत सरकवायचा. यात कारागिराची सहीच जाते, कारण ती मुठीतल्या भागावर असते. तरीही मासामुनेच्या म्हणून मानल्या जाणाऱ्या कितीतरी तलवारी अशाच बिनसहीच्या, आखूड केलेल्या आहेत आणि जिवापाड जपल्या जातात. सही नसली तर ओळखायचं कशावरून? पोलादावरून.

हे पोलाद बरेचदा पुरणपोळीसारखं असतं. बाहेर कठीण पोलादाची पारी, आत मऊ, कमी कार्बनचं पुरण. पिढ्यान्‌पिढ्या घासून पारी झिजली की पुरण डोकावतं, तिथे पातं निस्तेज, भकास दिसतं. म्हणून तिथले जाणकार पॉलिशला घाबरतात. दादा, ग्राइंडरच्या आधी हे वाच.

आपल्याकडच्या उत्तम पात्यांची गत निराळी. मुशीत वितळवलेलं पोलाद म्हणजे ज्वारीची भाकरी, बाहेर-आत एकच. त्यात कार्बन दीड टक्क्याच्या आसपास, आणि त्याचेच कठीण कण ओळीने बसून पात्यावर पाण्यासारख्या लहरी उमटतात, ज्यांना जौहर म्हणतात. निजामाबादकडचं कोनासमुद्रम अशा पोलादासाठी नावाजलेलं होतं. धाराशिव जिल्हाही १९४८ पर्यंत त्याच निजामी मुलखात. आमच्या पात्याचं पोलाद तिथलंच, असं मी म्हणत नाही. पण मुठीजवळ, तिरप्या उन्हात धरलं की काहीतरी लहरतं हे मी पाहिलंय. काकूनेही पाहिलंय, विचारा तिला.

आता वेल्डिंग. फार तापलं की हे कण विरघळतात आणि लहरी पुसल्या जातात, त्या सहजासहजी परत येत नाहीत. शिवाय इतक्या कार्बनचं पोलाद सांध्याशेजारी तडकायची भीती. म्हणजे सहा इंच मिळवायला उरलेलं घालवायचं!

आणि एक गोष्ट, जी लिहू की नको असं झालं होतं. आजी सांगायची, रझाकारांच्या दिवसांत आजोबांनी तलवार कापून कणगीत लपवली. लहानपणापासून आपण सगळ्यांनी हेच ऐकलं. पण घाईत लपवायला कापणारा माणूस टोक कापेल. आपल्या तलवारीचं टोक शाबूत आहे, आणि पात्यावरची खाच मुठीपाशी न संपता तशीच मुठीत शिरते. म्हणजे ती मुठीकडून आखूड झाली आहे. बहुधा मुळाशी मोडली आणि कुणा लोहाराने खालचा भाग नव्याने घडवून लाखेने मुठीत बसवला. कधी, ते आजोबांच्या काळातलं की त्याच्या शंभर वर्षं आधीचं, हे मुठीच्या आतच असेल. आजी खोटं बोलली असं मला म्हणायचं नाही. लपवली असेलच. कापली मात्र त्यांनी नसावी.

२०२५ मध्ये राज्य सरकारने लंडनच्या लिलावातून रघुजी भोसल्यांची तलवार ४७ लाखांवर रुपये मोजून आणली. तिचं पातं युरोपी, मूठ मराठा, आणि पात्यावर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत त्यांचं नाव. ती पाहताना पातं परकं आहे म्हणून कुणी नाक मुरडलं नाही. मग आपल्या आखूड पात्याची लाज का वाटावी?

दादाला एवढंच सांगितलंय की सोलापूरला जायचंच असेल तर मी येईपर्यंत थांब. तोवर सुक्या कापडाने पूस, वर खोबरेल तेलाचा हात फिरव. तो "बघू" म्हणाला आहे. आमच्याकडे "बघू"चा अर्थ काय होतो, हे नातेवाईकांना वेगळं सांगायला नको :)