गळा कुणाचा, बाहुली कुणाची

२४ फेब्रुवारी २०१९ रोजी झालेल्या ऑस्कर सोहळ्यात सर्वाधिक बाहुल्या मिळवणारा चित्रपट सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला नाही. तो मान ‘ग्रीन बुक’ला गेला. ‘क्वीन’ या ब्रिटिश बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्यावरच्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ने मात्र पाच नामांकनांपैकी चार पदरात पाडून घेतली. रामी मालेक हा सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरला, संकलनाचा पुरस्कार जॉन ऑटमनला मिळाला, ध्वनिसंपादनाचा जॉन वॉरहर्स्ट आणि नीना हार्टस्टोन यांना, तर ध्वनिमिश्रणाचा पॉल मॅसी, टिम कॅव्हेजिन आणि जॉन कसाली यांना. त्याआधी गोल्डन ग्लोबमध्ये चित्रपट आणि अभिनेता, बाफ्टामध्ये अभिनेता आणि ध्वनी अशी कमाई झालीच होती. दिग्दर्शकाचे नाव या यादीत कुठेच नाही. ब्रायन सिंगरला डिसेंबर २०१७ मध्ये काढून टाकल्यावर उरलेले काम डेक्स्टर फ्लेचरने पुरे केले, आणि बाफ्टाने तर नामांकनातून सिंगरचे नावही वगळले. दिग्दर्शक निम्म्यात गेलेला चित्रपट संकलन आणि ध्वनी या टेबलांवर उभा राहिला. आपल्यासारख्या तंत्रज्ञांच्या मासिकाने आनंद साजरा करावा अशीच ही यादी आहे. पण ती काम कुणी केले हे सांगते असे समजून वाचली, तर ती फसवते.

पडद्यावर गाणारा आवाज कुणाचा, एवढाच प्रश्न विचारून पाहावा. मर्क्युरी म्हणजे झांजीबारमध्ये जन्मलेला पारशी मुलगा फारोख बलसारा. पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये तो शिकला आणि तिथेच शाळकरी बँडमध्ये पियानो वाजवू लागला. चित्रपटाला त्या पाचगणीशी फारसे कर्तव्य नाही. त्याच्या मूळ ध्वनिमुद्रणांतला गळा चित्रपटात आहे. जिथे तो मिळत नव्हता किंवा पुरत नव्हता तिथे मर्क्युरीशी विलक्षण साम्य असलेला कॅनडाचा गायक मार्क मार्टेल गायला, आणि काही ठिकाणी मालेकचा स्वतःचा आवाज आहे. शेवटचा ‘लाइव्ह एड’चा भाग १३ जुलै १९८५ च्या वेम्ब्लीतल्या प्रत्यक्ष कार्यक्रमाच्या ध्वनिमुद्रणावर उभा आहे. म्हणजे एका देहावर तीन गळे चढवलेले आहेत. एकाचा श्वास कुठे संपतो आणि दुसऱ्याचा कुठे सुरू होतो, खोलीचा नाद कुठे बदलतो, मैदानाचा प्रतिध्वनी कुठून शिरतो, हे सारे सांधे लपवणे हेच त्या ध्वनिपथकाचे काम होते. सांधा जितका बेमालूम, तितके श्रेय आपोआप चेहऱ्याकडे सरकते. मार्टेलसाठी तर ऑस्करच्या यादीत रकानाच नाही.

ही काही एका चित्रपटाची तक्रार नाही. १९४६ च्या ‘द जोल्सन स्टोरी’त लॅरी पार्क्सने ओठ हलवले आणि गायला खुद्द अल जोल्सन, जो तेव्हा हयात होता आणि स्वतःची भूमिका स्वतःच करायला उत्सुक होता. अभिनयाचे नामांकन पार्क्सला मिळाले. बाहुल्या मिळाल्या त्या ध्वनिमुद्रणाला आणि संगीतसंयोजनाला. क्लिंट ईस्टवुडचा ‘बर्ड’ (१९८८) तर आपल्या व्यवसायाने पाठ्यपुस्तकासारखा अभ्यासावा. चार्ली पार्करच्या जुन्या ध्वनिमुद्रणांतून त्याचा सॅक्सोफोन वेगळा काढला, बाकीची साथ नव्या वादकांकडून वाजवून घेतली आणि दोन्ही एकत्र बसवले. हे आजच्या संगणकीय साधनांच्या कितीतरी आधीचे काम. फॉरेस्ट व्हिटेकरला कानमध्ये अभिनयाचा पुरस्कार मिळाला. ऑस्करमध्ये चित्रपटाला एकच नामांकन होते, ध्वनीचे, आणि तेच जिंकले. ‘रे’ (२००४) मध्ये जेमी फॉक्सने पियानो स्वतः वाजवला, गाणी मात्र बहुतेक रे चार्ल्सच्याच आवाजात आहेत. तिथेही अभिनेता आणि ध्वनिमिश्रण अशीच जोडी जिंकली. ही जोडी वारंवार दिसते, आणि ती योगायोगाने जमलेली नाही. जिथे अभिनेता गात नाही तिथे त्याची निम्मी भूमिका ध्वनीच्या टेबलावर घडते.

आता उलट बाजूची उदाहरणे पाहावीत. ‘रॉकेटमॅन’मध्ये (२०१९) टॅरन एगर्टनने एल्टन जॉनची गाणी स्वतः गायली. त्याला गोल्डन ग्लोब मिळाला, पण ऑस्करचे नामांकनही नाही. चित्रपटाची एकमेव बाहुली जुन्या गाण्यांनी गच्च भरलेल्या पटातल्या एका नव्या गाण्याला गेली, कारण नियमाप्रमाणे तेवढे एकच पात्र होते. ‘एल्व्हिस’ (२०२२) आणि ‘अ कम्प्लीट अननोन’ (२०२४) या दोन्हींत मुख्य अभिनेते गायले. दोन्ही चित्रपटांना आठ-आठ नामांकने आणि बाहुली एकही नाही. यावरून ‘गाणाऱ्याला डावलतात’ असा निष्कर्ष काढायचा मोह होईल, पण तो टिकत नाही. सिसी स्पेसेक, रीझ विदरस्पून, रेने झेलवेगर या तिघी स्वतः गायल्या आणि जिंकल्या. पुराव्यातून निघते ते वेगळेच आहे, आणि अधिक अडचणीचे: स्वतः गाणे आणि दुसऱ्याच्या गळ्यावर ओठ हलवणे यांतला फरक निकालात कुठेच उमटत नाही. या दोन कामांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे ज्याने एकदाही गाण्याचा प्रसंग कापला किंवा मिक्स केला आहे त्याला सांगावे लागत नाही.

यावर पहिला आक्षेप अभिनेत्यांच्या बाजूने येईल, आणि तो वजनदार आहे. ओठ हलवणे हाही अभिनयच. गळ्याच्या शिरा, छातीचा भाता, तान सुटण्याआधीची मान हे खोटे पडले तर उत्तमातले उत्तम मिश्रणही वाया जाते. मालेकने पॉली बेनेट या हालचालींच्या प्रशिक्षिकेबरोबर त्यासाठी कसून मेहनत घेतली. हे सगळे मान्य. अभिनेत्याकडून बाहुली काढून घ्या असे आम्ही म्हणतच नाही. प्रश्न परीक्षकापुढे काय ठेवले जाते याचा आहे. ऑस्करची नामांकने त्या त्या शाखेचे जाणकार करतात, अंतिम मतदान मात्र सगळे सभासद करतात. म्हणून तंत्रज्ञाने निकालापेक्षा नामांकने अधिक बारकाईने वाचावीत. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ला संकलनाची बाहुली मिळाल्यावर त्यातल्या एका साध्या संभाषणाच्या प्रसंगातले अतोनात कट दाखवणारी चित्रफीत जगभर फिरली, हसे झाले. पण हसणाऱ्यांनीही ऑटमनपुढे कोणते फुटेज होते हे पाहिलेले नव्हते. कौतुक करणारे आणि हसणारे दोघेही तयार पटावरूनच बोलत होते.

आपल्याकडे या बाबतीत एक गोष्ट हॉलिवूडपेक्षा सरस आहे, आणि ती आपण गृहीत धरून बसलो आहोत. राष्ट्रीय पुरस्कारांत पार्श्वगायनाचा स्वतंत्र विभाग आहे. रवी जाधव यांच्या ‘बालगंधर्व’मध्ये (२०११) भूमिका सुबोध भावे यांची, गळा आनंद भाटे यांचा. त्या वर्षीचा अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार ‘देऊळ’साठी गिरीश कुलकर्णी यांना गेला आणि पार्श्वगायनाचा भाटे यांना. चेहरा आणि गळा वेगवेगळे तोलले गेले. पुढे निपुण धर्माधिकारी यांच्या ‘मी वसंतराव’मध्ये राहुल देशपांडे यांनी आजोबांची भूमिका केली आणि गाणेही स्वतःच गायले, अडुसष्टाव्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्यांना गायनाचा आणि अनमोल भावे यांना ध्वनिरचनेचा पुरस्कार मिळाला. मैफलीतला गळा आणि मैफलीची जागा, या दोहोंची दखल दोन नावांनी घेतली गेली. संगीतचरित्रपटाच्या कामाचे इतके रास्त वाटप ऑस्करच्या इतिहासात शोधून सापडणार नाही.

मात्र त्याच अडुसष्टाव्या पुरस्कारांत दुसरीही गोष्ट घडली. कन्नड ‘डोल्लू’ला चित्रीकरणस्थळावरील सिंक ध्वनिमुद्रणाचा पुरस्कार जाहीर झाला, आणि हा चित्रपट मुळात डब केलेला आहे हे त्याच्याच ध्वनिरचनाकाराला जाहीरपणे सांगावे लागले. याला केवळ परीक्षकांचा बहिरेपणा म्हणणे सोपे आहे, पण अपुरे आहे. चांगले डबिंग कानाला कळू नये यासाठीच केलेले असते. कानावर विसंबून निवाडा करायचा आणि कानाला फसवणे हेच ज्याचे कौशल्य त्या कामाला तोलायचे, यात चूक होणारच. त्यात आता विभागही आकसले आहेत. ऑस्करने ध्वनीच्या दोन बाहुल्यांची एक केली. आपल्याकडे स्थळध्वनी, ध्वनिरचना आणि अंतिम मिश्रण हे तीन पुरस्कार होते, तिथे सत्तराव्या वर्षी ध्वनिरचना एवढा एकच उरला. विभाग कमी झाले की प्रत्येक कामाची नोंद अधिक काटेकोर हवी. इथे तीही नाही.

यावर काही वाचक म्हणतील की पुरस्कारांना एवढे महत्त्व कशाला; प्रेक्षकाला गाणे भिडले, संपले. प्रेक्षकापुरते खरे आहे. पण पुढचे काम, मानधन आणि श्रेयनामावलीतली जागा प्रेक्षक ठरवत नाही. ती निर्माता ठरवतो, आणि निर्माता याद्या वाचतो. दुसरे म्हणणे असे, की असे तपशील उघड केले तर जादू जाते. ‘बालगंधर्व’ पाहताना आवाज भाटे यांचा आहे हे ठाऊक असलेल्या मराठी प्रेक्षकाची जादू कुठे गेली? पार्श्वगायनावर पोसलेल्या आपल्या प्रेक्षकाला चेहरा आणि गळा वेगळे मानूनही दोन्हींत रमता येते, आणि हॉलिवूडला ते अजून जमलेले नाही. नवे विभाग मागितले तर पुरस्कारांची जत्रा होईल, हा तिसरा आक्षेप आम्हाला पटतो. म्हणून नवी बाहुली मागत नाही.

मागणे आहे ते आपल्याच लोकांकडे. संगीताचा पट स्पर्धेला पाठवताना प्रवेशिकेसोबत एक पानभर तक्ता द्यावा: प्रत्येक गाण्यात गळा कुणाचा, वाद्य कुणाचे, किती भाग जुन्या ध्वनिमुद्रणातला, किती नव्याने मुद्रित केलेला, सेटवर प्लेबॅक होता की थेट गायन, संवाद सिंक की डब. ही माहिती मिक्सिंगच्या दिवशी सेशनमध्ये असतेच. चित्रपट हातावेगळा झाला की ड्राइव्ह पुसली जाते आणि माहितीही जाते. आता तर आवाजाची हुबेहूब नक्कल संगणक करू लागला आहे, तेव्हा चौथ्या प्रकारच्या गळ्याचा रकाना या तक्त्यात आजच आखून ठेवावा लागेल. तक्ता कुणी भरायचा यावर वाद होतील: संगीतकार म्हणेल माझे काम, निर्माता म्हणेल करारातली गुपिते बाहेर पडतील. आमच्या मते तो मिक्सिंग इंजिनिअरने भरावा आणि संकलकाने त्यावर सही करावी, कारण चित्रपटातला प्रत्येक सेकंद या दोघांनीच सुटासुटा ऐकलेला असतो.