प्रोजेक्टर घ्यावा, पण कोणता?

कोलशेत परिसरातील एका शाळेला प्रोजेक्टर देण्यासाठी काही कार्यकर्ता मित्रांनी वर्गणी जमविली आणि ‘कोणता घ्यावा?’ असे मला विचारले. दरपत्रकात सर्वांत स्वस्त यंत्रापुढे आधीच खूण केलेली होती. अर्थशास्त्र शिकविण्यात हयात घालविलेल्या माणसाला त्या खुणेत भांडवली आणि आवर्ती खर्चाचा जुनाच घोटाळा दिसला.

स्वस्त यंत्रात दिवा असतो. त्याचे आयुष्य साधारणतः चार हजार तासांचे सांगतात. पण येथे ‘आयुष्य’ म्हणजे प्रकाश निम्म्यावर येईपर्यंतचा काळ, हे विक्रेता सहसा सांगत नाही. शिक्षणहक्क कायद्याने (२००९) सहावी ते आठवीसाठी वर्षाला २२० दिवस ठरविले आहेत. रोज पाच तास धरले तर अकराशे तास होतात. म्हणजे चौथ्या वर्षी भिंतीवरचा नकाशा धूसर झालाच. मग नवा दिवा कोणी आणावयाचा? ‘समग्र शिक्षा’च्या २०१८ च्या आराखड्याने १०१ ते २५० पटाच्या सरकारी शाळेला वार्षिक अनुदान दिले ते ५० हजार रुपये, वीजबिल, दुरुस्ती, स्वच्छता, शैक्षणिक साहित्य, सारे त्यातच. लेसरचे यंत्र महाग खरे, परंतु त्याचा प्रकाशस्रोत सुमारे वीस हजार तास टिकतो.

दुसरी गोष्ट उजेडाची. प्रोजेक्टर प्रकाश फेकतो, अंधार फेकू शकत नाही. चित्रातला काळा रंग म्हणजे खोलीतल्या उजेडात दिसणारी भिंतच. यंत्र दुबळे असले की खिडक्या लावून घ्याव्या लागतात, आणि मार्चच्या उकाड्यात चाळीस मुले कोंडली जातात. तेव्हा तीन हजार ल्युमेन्सच्या खाली जाऊ नये, आणि शक्यतो जवळून चित्र फेकणारे यंत्र घ्यावे, म्हणजे शिक्षकाची सावली फळ्यावर पडत नाही. जेथे एके काळी रसायनांचे कारखाने होते त्या कोलशेत रस्त्यावर आता निवासी मनोरे उठत आहेत. बांधकामाची धूळ यंत्राच्या जाळीत बसते, ती झाडणारा माणूसही हवाच.

२०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर नफ्याच्या दोन टक्के समाजकार्याचे बंधन आले, तेव्हापासून शाळांना यंत्रे भेट देण्याला ऊत आला आहे. यंत्राचे छायाचित्र निघते, वीजबिलाचे निघत नाही! १९८७ च्या ‘खडू-फळा’ योजनेतील विज्ञानपेट्याही कित्येक शाळांत कपाटाबाहेर आल्या नाहीत. उलट आपल्याच जिल्ह्यातील, शहापूर तालुक्यातील पष्टेपाड्याची जिल्हा परिषद शाळा डिजिटल शाळा म्हणून राज्यभर गाजली ती तेथील शिक्षकाच्या उद्यमामुळे.

म्हणून मित्रांना सांगितले : पैसे मोजण्यापूर्वी यंत्र भर अकराच्या उन्हात, खिडक्या उघड्या ठेवून वर्गात लावा, ज्या बाई ते वापरणार त्यांनाच एक पाठ घेऊ द्या, आणि निवड त्यांची माना. वर्गणीचा पाचवा हिस्सा शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यात राखून ठेवा. त्यावर एकजण म्हणाला, “सर, देणाऱ्याला यंत्र दिसतं, ठेव दिसत नाही.” तर मग पुढच्या पावतीपुस्तकावर ‘प्रोजेक्टर व त्याच्या देखभालीसाठी’ असे छापावे, असे मी सुचविले. पुस्तक अद्याप छापखान्यातच आहे.