गोठवलेले खाते

खातेवहीतील नोंद खोडली जाणे वेगळे आणि खाते गोठवले जाणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात अक्षर न अक्षर शाबूत असते, व्यवहार तेवढा थांबतो. मेलानोमा या त्वचेच्या घातक कर्करोगात असेच घडू शकते. नवव्या गुणसूत्रावरील एका जनुकात ‘पी१६’ या प्रथिनाची कृती लिहिलेली असते. पेशीला विभाजनाकडे ढकलणाऱ्या सीडीके४ व सीडीके६ या विकरांना हे प्रथिन आवर घालते. काही गाठींत हे जनुक तुटलेले वा नाहीसे झालेले आढळते. काहींत मात्र त्याच्या आरंभस्थानी मिथाइल गटांची मोहोर बसते, जनुक मुके होते आणि लगाम सुटतो.

मोहोर उतरवता येते, हे विशेष. तसे करणारे अ‍ॅझासायटिडीन अमेरिकेत २००४ मध्ये मंजूर झाले, तेही रक्तनिर्मितीच्या विकारासाठी. ते हवी तेवढीच मोहोर उतरवत नाही, अडचण ती आहे.

सावळ्या त्वचेत हा रोग विरळा. पण होतो तेव्हा पुष्कळदा तळपायावर किंवा नखाखाली. दिवसभर पेढीवर बसणारा माणूस स्वतःचा तळपाय क्वचितच पाहतो. तेथे वाढत जाणारा, रंग बदलणारा काळा डाग दिसल्यास मलमे लावत दिवस घालवू नयेत. तो त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावा.