नावांची यादी कशाला हवी?

शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी बजावले. आता समुपदेशन कक्षांचे फलक आणि त्यापाठोपाठ फायलींचा सुकाळ होणार, हे सांगायला ज्योतिषी नको. ती फाईल कशी असते हे शिक्षणक्षेत्रात वावरणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. आधी उद्घाटनाचे जिओ-टॅग केलेले फोटो, मग परिपत्रक, मग ‘लाभ घेतलेल्या विद्यार्थ्यांची यादी’: अनुक्रमांक, नाव, वर्ग, समस्येचे स्वरूप, सही. ‘समस्येचे स्वरूप’ या रकान्यात एखाद्या मुलीने काय लिहावे अशी अपेक्षा आहे? आणि त्यापुढे सही?

न्या. विक्रम नाथ आणि न्या. संदीप मेहता यांच्या त्याच आदेशात नोंदींबद्दल स्पष्ट सूचना आहे. संस्थांनी नोंदी ठेवाव्यात, वार्षिक अहवाल द्यावा, पण विद्यार्थ्याची ओळख पुसून. किती जणांशी बोलणे झाले, कितींना पुढे डॉक्टरांकडे पाठवले, प्रशिक्षणे किती झाली, एवढे आकडे पुरेत. नाव मागितलेले नाही. तरीही आमची यंत्रणा नावच मागणार, कारण नाव आणि सही नसेल तर काम झाले यावर आमच्या तपासणी अधिकाऱ्याचा विश्वास बसत नाही. ‘नॅक’ मूल्यांकनाच्या धास्तीने महाविद्यालये लाभार्थ्यांच्या याद्या पुरावा म्हणून थेट संकेतस्थळावर चढवतात. करिअर मार्गदर्शनाची यादी असेल तर एक वेळ चालून जाईल. रात्र-रात्र झोप लागत नाही म्हणून आलेल्या मुलाचे नावही त्याच सवयीने चढले, तर जबाबदार कोण?

मुंबई-पुण्यात अनोळखीपणाचा थोडा तरी आडोसा असतो. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या सांगोल्यात तो कुठून आणणार? इथे मराठी शिकवणाऱ्या बाईंकडेच समुपदेशनाचा जादा कार्यभार, त्यांचे यजमान मुलीच्या चुलत्याचे वर्गमित्र, आणि रविवारच्या बाजारात सगळ्यांची गाठ पडणार. ‘तुमची पोरगी परवा मॅडमपाशी रडत होती म्हणं’ एवढे एक वाक्य पुरते. वाड्यावस्त्यांवरून एसटीच्या मोफत पासवर शाळेला येणाऱ्या मुलीचा पास मग घरातल्या डब्यात जातो आणि मुलगी शेतात. तिचे लग्न बारावीआधीच ठरल्याचे तिने विश्वासाने सांगितले असेल, तर ती बातमी १०९८ या बालमदत क्रमांकाला कळण्याआधी सोयऱ्यांना कळते आणि मुहूर्त अलीकडे ओढला जातो. गोपनीयता ही शहरी चैन आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी तालुक्याच्या गावात एकदा मुलगी म्हणून शाळा शिकून पाहावी.

शेजारच्या आटपाडी तालुक्यात २०२५ च्या जूनमध्ये काय घडले ते विसरण्याजोगे नाही. ‘नीट’च्या सराव परीक्षेत गुण कमी पडले म्हणून घरातच झालेल्या मारहाणीत एका मुलीचा जीव गेला. ते गुणांच्या कागदावरून झाले. मनातल्या कागदावरून काय होऊ शकते, याचा विचार नोंदवही उघडी टाकणाऱ्यांनी करावा. ‘पालकांना सगळे कळलेच पाहिजे’ हे वाक्य सभेत टाळ्या मिळवते, पण काही मुलांचे दुखणे घरातच असते. २०२२ मध्ये देशात १३ हजार ४४ विद्यार्थ्यांनी आयुष्य संपवले आणि त्यात सर्वांत मोठा आकडा महाराष्ट्राचा होता. यातली किती मुले कुणाशी तरी बोलली असती, जर बोललेले तिथेच राहील अशी खात्री असती?

अपवाद आहेत आणि ते मुलाला पहिल्याच भेटीत सांगायला हवेत. जिवाला धोका असेल, तर गप्प बसता येत नाही. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली, तर ‘पोक्सो’ कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. लपवणे हा गुन्हा आहे. त्याच कायद्याचे कलम २३ पीडित मुलाची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई करते, हे मात्र शाळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांना कुणी सांगत नाही.

खरी पंचाईत कायद्यांच्या फटीत आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो, पण जादा कार्यभार सांभाळणारे शिक्षक त्या कायद्याच्या अर्थाने आरोग्य व्यावसायिक नाहीत. वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षणाचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला १८ महिने. त्यातही १८ वर्षांखालच्या मुलाच्या माहितीसाठी संमती पालकाचीच. बापाच्या माराबद्दल सांगायला आलेल्या मुलाने आधी बापाची संमती आणावी काय? आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळांत नेमायची राज्य सरकारची सखी सावित्री समिती घ्या. हेतू उत्तम, पण तिच्यात पोलीस पाटील, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायत सदस्य, पालक असे अर्धे गाव बसते. अशा बैठकीत एखाद्या मुलीचा विषय नावानिशी निघाला, तर तो संध्याकाळपर्यंत पारावर पोचणार नाही, याची हमी कोण देतो?

नोंदीच नकोत, असे आमचे म्हणणे नाही. समुपदेशक बदलून गेला तर मुलाने सगळे पहिल्यापासून सांगायचे काय? टिपणे हवीत, पण सांकेतिक क्रमांकाने, कुलपात, आणि किल्ली समुपदेशकाकडे. मुख्याध्यापकांकडे नाही, संस्थाचालकांकडे नाही, लिपिकाच्या टेबलावर तर नाहीच. विद्यार्थी शाळा सोडून गेल्यावर ती टिपणे किती वर्षे ठेवायची आणि कशी नष्ट करायची, हेही लिहून ठेवलेले हवे. सोलापूर जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाने आणि अहिल्यादेवी होळकर विद्यापीठाने यासाठी दिल्लीच्या तोंडाकडे बघण्याचे कारण नाही. एका पानाचे परिपत्रक पुरेल: समुपदेशनाच्या तपासणीत विद्यार्थ्यांची नावे, सह्या, छायाचित्रे मागू नयेत. ते निघेपर्यंत एखाद्या अधिकाऱ्याने यादी मागितलीच, तर मुख्याध्यापकांनी न्यायालयाच्या आदेशाची प्रत त्याच्यापुढे सरकवावी आणि पोच मागावी, सही-शिक्क्यानिशी.